पहिलाच स्टंट काइट चपळ घ्यावा का?

रेडमंडकर (धागाकर्ता)

दर उन्हाळ्यात इथल्या, सिॲटलकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी विचारतंच: स्टंट काइट, म्हणजे दोन हातांत दोन दोऱ्या धरून वळवायचा पतंग घ्यायचाय, वेगवान हवा, हात हलवला की वळला पाहिजे, कुठला घेऊ? विचारणाऱ्याने बहुतेक वेळा मनाशी एक ठरवलेलाही असतो. प्रिझम कंपनीचा मायक्रॉन किंवा त्याच जातीचा एखादा, जेमतेम मीटरभर पंखांचा, देखणा, खिशाला परवडणारा. माझं मत स्पष्ट आहे: पहिला पतंग म्हणून तो घेऊ नये. पंखांचा पसारा किमान दीड मीटर असावा, जमलं तर दोन. प्रिझमचाच नेक्सस किंवा क्वांटम, नाहीतर जर्मनीच्या एचक्यूचे याच मापातले पतंग.

आधी गणित बघा. दोरी २५ मीटरची धरा. पतंग डोक्यावरून सरळ खाली आला तर जमिनीपर्यंतच्या कमानीची लांबी साधारण ३९ मीटर. ताशी ३० किमीने येणाऱ्या पतंगाला हे अंतर कापायला पावणेपाच सेकंद लागतात, ताशी ६० ने येणाऱ्याला त्याच्या निम्मे. त्यातून छोट्या पतंगांच्या पाकिटात बऱ्याचदा १५ मीटरच्या आसपासच दोरी असते. मग कमान उरते साडेतेवीस मीटरची आणि हातात वेळ दीड सेकंदाहूनही कमी. तेवढ्यात नाक कुठे वळलंय ते पाहायचं, कुठला हात ओढायचा ते ठरवायचं आणि ओढायचंही. पतंग खाली तोंड करून येत असला की त्याचा उजवा वळसा आपल्याला डावीकडे जाताना दिसतो. हा गोंधळ सगळ्यांचाच होतो आणि तो निस्तरायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट दोरीतल्या ताणाची. दोन मीटरचा पतंग समोर मधोमध असताना चांगला खेचतो, कडेला गेला की ताण उतरतो, आणि हा फरक मनगटाला कळतो. हात शिकतो तो त्या फरकावर. मीटरभराच्या पतंगात ताण मुळातच कमी, त्यामुळे सगळा भार डोळ्यांवर येतो. वेगाने जाणारा आणि नेमका वळणारा हे दोन वेगळे पतंग असू शकतात. नवशिक्याला दुसरा हवा असतो, तो मागतो मात्र पहिला.

ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी जरूर लिहा.

येवलेकर

मत वेगळं आहे, आणि अगदी ठाम आहे.

तुमचं गणित बरोबर, पण ते ज्याने आयुष्यात कधी पतंग हातात धरला नाही त्याच्यासाठी. आपल्याकडचा नवशिका तसा नसतो. आमच्या येवल्यात संक्रांतीला तीन दिवस गच्च्या भरलेल्या असतात, पोरगं आसारी (मांज्याची फिरकी) पेलता येईल इतकं मोठं झालं की पतंग त्याच्या हातात जातो. एका दोरीवरचा लढाऊ पतंग म्हणजे काय? ढील दिली की गिरकी घेतो, खेच दिली की नाक जिकडे असेल तिकडे सुसाट जातो. नाक हव्या त्या दिशेला आलेलं असतं तो क्षण निम्म्या सेकंदाचाही नसतो आणि तो पकडायचा असतो. ज्याने हे केलंय त्याला दीड सेकंद पुष्कळ झाले. असा माणूस दोन मीटरचा संथ पतंग घेऊन गोल गोल फिरवत बसला तर महिन्याभरात त्याचं मन उडतं. असे पतंग कपाटात पडलेले मी पाहिलेत.

आणि मोडतोडीचं काय? छोटा पतंग हलका असतो. नाकावर आपटला तरी त्याचा मार कमी. दोन मीटरचा पतंग कडक मैदानावर पूर्ण वेगात आदळला की पुढच्या कडेची दांडी मधल्या सांध्यापाशी तडकते, नाहीतर आडवी दांडी निसटून कापडात घुसते. नवशिक्याचा पतंग आपटणारच. मग जो आपटून टिकेल तो घ्या.

शेवेनिंगेन

मी नेदरलँड्सला हेगजवळ राहतो, पतंग उडवतो तो उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर. रेडमंडकरांचा सल्ला त्यांच्या गावी योग्य असेल, इथे तो धोक्याचा आहे.

सिॲटलच्या बाजूला उन्हाळी संध्याकाळचा वारा सौम्य असतो. इथे ताशी ३० किमी म्हणजे रोजचंच. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: २० चा ३० झाला की वेग दीडपट, पण खेच सव्वादोन पट. २० च्या वाऱ्यात गुणी वाटणारा दोन मीटरचा पतंग ३० च्या वाऱ्यात नवख्या माणसाला वाळूतून पुढे ओढतो, आणि ओढला जाणारा माणूस घाबरून दोन्ही हात छातीशी घेतो, म्हणजे आणखी खेचतो. लहान मुलाच्या हातात तर देऊच नये. अशा वाऱ्यात छोटा पतंगच ताब्यात राहतो. मोठाच हवा तर जाळीच्या कापडाचा घ्या, ज्यातून वारा आरपार जातो.

म्हणून ‘नवशिक्याने कुठला घ्यावा’ याआधी त्याच्या मैदानावर वारा किती असतो ते विचारा. आठवडाभर हवामानाचा अंदाज बघून आकडे लिहून काढा, मग दुकानात जा.

रेडमंडकर

@शेवेनिंगेन, वाऱ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझा सल्ला ताशी १२ ते २५ किमीच्या वाऱ्यासाठी समजावा. त्याच्यावर वारा असेल तर नवशिक्याने त्या दिवशी उडवूच नये, असं मात्र मी म्हणेन. छोटा पतंग घेऊन जोराच्या वाऱ्यात शिकायला जाणं म्हणजे वेग आणखी वाढवणं. १९८९ साली मेरीलँडमधल्या ओशन सिटीला ताशी १९३ किमीचा पतंगाचा विक्रम नोंदला गेलाय. या खेळात वेगाला वरची मर्यादा फार लांब आहे. शिकणाऱ्याने तिच्या मागे लागू नये.

@येवलेकर, वारा वाचण्याची तुमची सवय सोन्यासारखी आहे, त्याबद्दल वादच नाही. पण हाताची सवय आड येते. एका दोरीवर आपण दोरी ओढून घेतो आणि सोडतो. इथे दोरीची लांबी कायम असते, कोपर कमरेशी ठेवून एक हात मागे घ्यायचा किंवा दुसरा पुढे ढकलायचा. संक्रांतीवाली मंडळी पहिल्या दिवशी हात डोक्यावर नेऊन झटके देतात. छोटा पतंग त्या प्रत्येक झटक्याला उत्तर देतो आणि सरळ रेष कधी दिसतच नाही. मोठ्या पतंगावर तेच झटके निम्मे विरून जातात, माणसाला आपली चूक बघायला उसंत मिळते.

येवलेकर

झटक्याचं खरं आहे. पण ढील देण्याची सवय आड येते हे मुळीच पटलं नाही, उलट तिथेच आपला माणूस पुढे असतो. पतंग जमिनीकडे येतोय हे दिसताच नवखा मागे पळतो आणि पतंग आणखी जोरात आपटतो. आपल्या माणसाला दोरी सैल करायची हे आतूनच कळतं. तो दोन पावलं पुढे टाकतो आणि पतंगातला जीव जातो. पुढे ॲक्सल नावाची कसरत शिकताना तेच कामी येतं: पतंग हवेत थांबवायचा, एका हाताने टिचकी द्यायची आणि लगेच दोन्ही दोऱ्या सैल सोडायच्या, म्हणजे तो पोटावर पडून आडवी गिरकी घेतो. परदेशी शिकणाऱ्याला ही सैल सोडण्याची भीती घालवायला फार दिवस लागतात.

मीरा_मिल्टन_कीन्स

ॲक्सलसाठी तरी मोठाच पतंग बरा हो. छोट्यावरही होते, पण टिचकी आणि सैल सोडणं यातला क्षण इतका निसटता असतो की जमलं ते का जमलं हेच समजत नाही.

एक जुनी गोष्ट इथे सांगावीशी वाटते. दोन दोऱ्यांचा पतंग घरोघरी पोचला तो इंग्लंडमध्ये पीटर पॉवेल यांच्यामुळे, १९७० च्या दशकात. १९७६ साली त्यांच्या पतंगाला ब्रिटनमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळण्याचा मान मिळाला. तो होता साधा चौकोनी, मागे लांब पोकळ शेपूट. ती शेपूट वळताना ओढ धरायची, त्यामुळे पतंग आजच्या मानाने सावकाश वळायचा, आणि आकाशात काढलेलं वर्तुळ ती दाखवायचीही. इथल्या कितीतरी आजोबांनी त्यावर हात बसवलाय आणि आज तेच समुद्रकिनाऱ्यावर नातवंडांना शिकवतात. संथ पतंगाने माणूस कंटाळतो हे मला पटत नाही. काय चाललंय ते कळलं नाही की तो कंटाळतो.

दोन_मुलांची_आई

मुलांसाठी विचारत असाल तर दांड्या नसलेला, वाऱ्याने फुगणारा कापडी पतंग घ्या. मोडायला काही नाही, पिशवीत कोंबता येतो. नाकावर जोरात आपटला तर आतले कप्पे फाटू शकतात, तेवढं सांभाळा. नेमकेपणा कमी, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो लागतही नाही.

चार_दोऱ्या

हुकमतच हवी तर चार दोऱ्यांचा का नाही? सॅन डिएगोच्या हॅडझिकी बंधूंचा रेव्होल्यूशन बघा: हवेत थांबतो, मागे जातो, जागेवर फिरतो. वेग शून्यापासून तुमच्या हातात. शिकायला वेळ जास्त लागतो हे कबूल.

सुताने_स्वर्ग

इतका वेळ सगळे पतंगावर बोलताय, दोरीवर कुणीच नाही. पतंग वळत नाही, आळशी आहे अशी तक्रार घेऊन जे येतात त्यांच्यातल्या बहुतेकांची दोरी वाईट असते.

स्वस्त पाकिटातली जाड पॉलिएस्टरची दोरी ताणली जाते. तुम्ही हात मागे घेता, तो हिसका आधी दोरी पिते आणि उरलेला पतंगाला मिळतो. दोन गिरक्या घेतल्या की दोऱ्या एकमेकींवर पिळतात आणि खरखरीत असल्यामुळे अडकून बसतात. डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याची बारीक दोरी जवळजवळ ताणत नाही आणि इतकी गुळगुळीत असते की बरेच पीळ पडूनही पतंग ऐकतो. तोच पतंग, फक्त दोरी बदला, आणि फरक स्वतः बघा. शंभर डॉलर खर्चायचे असतील तर थोडा स्वस्त पतंग घ्या आणि उरलेले दोरीत घाला.

दुसरं, दोन्ही दोऱ्या समान हव्यात, अगदी समान. नवीन दोरी पहिल्या काही दिवसांत गाठींपाशी थोडी सरकते. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडला तरी पतंग आखूड दोरीच्या बाजूला ओढ घेतो, आणि नवशिका समजतो आपलाच हात वाकडा. दोन्ही टोकं एकाच खुंटीला अडकवा, २५ मीटर लांब जाऊन दोन्ही दोऱ्या एकत्र ताणा, फरक दिसेल. लांब असेल तिच्या टोकाची गाठ सोडून पुन्हा बांधा. पाच मिनिटांचं काम आहे आणि दर थोड्या दिवसांनी केलंच पाहिजे.

पतंगाच्या पोटावरची बांधणी, म्हणजे जिला उडवायची दोरी जोडतात ती, तीही तशीच. तिची गाठ दोन-चार मिलिमीटर नाकाकडे सरकवली तर कमी वाऱ्यात पतंग पटकन उचलतो. दोन्ही बाजूंना सारखीच सरकवा आणि मूळ जागी पेनाने खूण करून ठेवा.

अलिबागकडचा

महाराष्ट्रात राहून हे वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एक, वारा. नोव्हेंबर ते मे दुपारनंतर समुद्राकडून जो वारा लागतो तो एकसारखा असतो, ओहोटीला पुळण रुंद आणि कडक असते. शिकायला कोकणचा किनारा उत्तम. शहरातल्या मैदानात इमारतींमागे वारा भोवरे घेतो, तिथे मोठा काय आणि छोटा काय, दोन्ही गटांगळ्या खातात.

दोन, आणि ही फार महत्त्वाची. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली घातलेली बंदी फक्त नायलॉन मांज्यापुरती नाही, पतंगासाठी वापरायच्या कुठल्याही कृत्रिम धाग्याला ती लागू होते. डायनीमा कृत्रिमच आहे. आपली दोरी कटत नाही, झाडावर लटकून राहत नाही, हे सगळं खरं, पण पक्ष्याच्या पंखाला आणि दुचाकीवरच्या माणसाच्या गळ्याला धागा धागाच असतो. त्यामुळे संक्रांतीच्या दिवसांत नकोच, रस्ता किंवा पायवाट जवळ असेल तिथे कधीच नको, आणि स्थानिक पोलिसांना आधी विचारा. शिवाय काचेचा मांजा आडवा आला तर तुमची महागडी दोरी क्षणात जाते.

शेवेनिंगेन

हे इथेही पाळतात. दोरी २५ मीटर तर समोर आणि दोन्ही बाजूंना त्याहून जास्त मोकळी जागा, आणि कुणी दोऱ्यांखालून जायला लागलं की पतंग लगेच खाली उतरवायचा. अडीच सेकंदांचं गणित चालणाऱ्या माणसालाही लागू आहे, त्याला तर पतंग दिसतही नाही.

येवलेकर

हा मुद्दा मनापासून पटला. आमच्याकडे मांज्याने कापलेले गळे सगळ्यांनी ऐकलेत.

मूळ वादावर मी अजून तिथेच आहे. फक्त एक बदल सुचवतो: छोटा घ्या, पण त्याच्या पाकिटातली १५ मीटरची दोरी बाजूला ठेवा आणि २५ मीटरची बारीक डायनीमा लावा. रेडमंडकरांच्याच गणिताने वेळ दीड सेकंदावरून अडीचच्या जवळ जातो.

रेडमंडकर

जातो, पण लांब दोरीलाही वारा लागतो. मीटरभराच्या पतंगाला २५ मीटर दोरी जड होते, मधे झोल येतो, आणि ज्या चपळाईसाठी तो घेतला तीच कमी होते. २० मीटर लावून बघायला हरकत नाही, आणि वारा ताशी १५ किमीच्या वर असतानाच. तरी माझं मत दीड मीटरचंच.

ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या लाँग बीचला पतंग महोत्सव असतो. मैलोन्‌मैल सपाट वाळू, आणि पतंगांचं संग्रहालयही त्याच गावात. तिथे उडवणारी माणसं मागितलं की पतंग हातात देतात. ज्यांना विकत घ्यायचाय त्यांनी आधी तिथे मीटरभराचा आणि दोन मीटरचा असे दोन्ही हातात घेऊन बघावेत. मी शनिवारी असेन, माझा क्वांटम आणि सुटी २५ मीटरची दोरी घेऊन. @येवलेकर, तुमच्या ओळखीतलं इकडे कुणी असेल तर जरूर पाठवा.