बाबांची तपासणी: पॅकेज घ्यावं की निवडक चाचण्या?

मदत हवी आहे. बाबा ६४ वर्षांचे, गावी असतात. ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणत टाळत होते, आता कसेबसे तयार झालेत. लॅबवाले सत्तर-ऐंशी चाचण्यांचं पॅकेज गळ्यात मारतायत. मला वाटतं बीपी, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचबीएवनसी एवढं पुरे. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, म्हणजे आदल्या दिवशी गोड सोडून रिपोर्ट सुधारता येत नाही (बाबा तेही करतील!). आजोबांना मधुमेह होता, म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) आणि डोळ्यांचा पडदा आत्ताच बघावा, की एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त निघाली तरच? शिवाय जुन्या करपद्धतीत अशा तपासणीची ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते; त्यासाठी साधी पावती चालते का?