मदत हवी आहे: जळगाव-धुळ्यात सांबार कांदा कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. फ्रेंच पद्धतीचा बटर सॉस करायचाय, त्यात शॅलट नावाचा छोटा कांदाच लागतो. नाव भूमध्य समुद्राकाठच्या अश्कलोन शहरावरून आलेलं. तमिळनाडूत सांबारात अख्खे घालतात ते छोटे कांदे त्याच कुळातले. सोलला की आत बऱ्याचदा दोन-तीन पाकळ्या निघतात, चव गोडसर.

बाजारात मागितला की गोल्टी पुढे करतात. पण गोल्टी म्हणजे आपला नेहमीचाच कांदा, फक्त लहान. सॉसमध्ये तिचा उग्रपणा नको वाटतो.

भुसावळकडे कुणी दक्षिणेकडचा भाजीपाला विकतं का? चाळीसगाव-पाचोऱ्याकडे कुणी लावलाय का? लावायला गड्डे मिळाले तर फारच बरं. आणि शेवभाजीच्या काळ्या वाटणात कुणी हा भाजून घातलाय? रस्सा गोड होतो का, नक्की सांगा.