८ वर्षांच्या मुलीला ऑनलाइन धड्यांवरून गिटार: बोटं दुखतात, तार खरखरते

मंगळवार पेठेतली आई:
नमस्कार मंडळी. मुलगी ८ वर्षांची, तिसरीत आहे. घरात ४१ इंची, स्टीलच्या तारांची गिटार आहे. मोबाइलवरचे नवशिक्यांचे धडे बघून ती ३ आठवडे वाजवतेय. पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या पट्ट्यांमधल्या पहिल्या घरात) बोट ठेवलं की तार खरखरते, आणि सी कॉर्ड (एकदम वाजवायचे तीन-चार सूर) धरताना डोळ्यांत पाणी येतं. धड्यातले सर पुढं जातात, ही मागं राहते. संध्याकाळी क्लासला नेणं जमत नाही, म्हणून ऑनलाइनच चालू ठेवायचं आहे. आम्हा दोघांनाही गिटार येत नाही. गिटार बदलायची का? आणि काय आधी शिकवायचं, काय नंतर?

सहातारी, राजारामपुरी:
ताई, पोरीचं काही चुकत नाही. ४१ इंची गिटार मोठ्या माणसाच्या मापाची असते. ८ ते ११ वर्षांच्या बहुतेक मुलांना पाऊण मापाची, म्हणजे साधारण ३६ इंची बसते, आणि सुरुवातीला नायलॉनच्या तारा बऱ्या. माप बघायला तिला गिटार घेऊन खुर्चीवर बसवा. डावा हात पहिल्या फ्रेटवर नेल्यावर कोपर वाकलेलं राहिलं पाहिजे, आणि उजवा खांदा वर उचलला जाता कामा नये. यातलं एक जरी बिघडलं तरी गिटार मोठीच.

लगेच खरेदी नको असेल तर आहे त्या गिटारवर एवढं करून बघा. बहुतेक ०१२ चा सेट असेल (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाड), तो काढून त्याहून बारीक, ०१० चा घाला. मग सगळ्या तारा एक पूर्ण स्वर उतरवा: जाडीकडून डी, जी, सी, एफ, ए, डी. आता दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. सुरांची पट्टी परत मूळची होते, त्यामुळे व्हिडिओतल्या सुराशी जुळतं. पण ताण कमी झालेला असतो, फ्रेटमधलं अंतरही कमी आणि तारा बोटाखाली आलेल्या. फक्त एक सांगून ठेवा: सर "पहिला फ्रेट" म्हणाले की आपला कॅपोच्या पुढचा पहिला. मानेवरचे ठिपके आता दोन घरं चुकतात, ते बघायचे नाहीत.

ट्यूनर ॲप वापरताना तार जास्त उतरलेली असेल तर ॲप तिला भलतीच तार समजू शकतं आणि चुकीच्या सुराकडे नेतं. चुकून जास्त चढवली की तार तुटते. म्हणून तारेचा नंबर ॲपमध्ये हातानं निवडा. आणि पुढंमागं नायलॉनची गिटार घेतलीत तर तिला स्टीलच्या तारा कधी लावू नका, त्या ताणानं ब्रिज (तारा जिथं अडकवतात तो खोक्यावरचा लाकडी तुकडा) उखडतो.

खरखरीचं बघा. बोट मानेवरच्या दोन धातूच्या पट्ट्यांच्या मधोमध पडत असणार. ते पुढच्या पट्टीला जवळजवळ चिकटून हवं, पण पट्टीवर नाही. तिला एक खेळ द्या: बोट तारेवर नुसतं टेकवायचं, उजव्या हातानं तार छेडत राहायची आणि दाब हळूहळू वाढवायचा. आधी थप्प आवाज, मग खरखर, मग एकदम स्वच्छ सूर. तिथंच थांबायचं, त्यापेक्षा जास्त दाब लागत नाही. मुलं दुप्पट जोर लावतात, म्हणून दुखतं. डाव्या हाताची नखंही अगदी बारीक कापा.

पेटी ते गिटार:
क्रमाबद्दल मी सांगतो. पहिला आठवडा कॉर्ड नकोच. ३ आठवड्यांत पूर्ण सी म्हणजे लई घाई झाली. आधी नंबर पक्के करा. सगळ्यात बारीक तार १ नंबरची. ती मांडीकडे असते, म्हणून मुलं वरच्या जाड तारेला १ समजतात आणि सगळा धडा उलटा वाजतो. बोटांचंही तसंच: पेटीत अंगठा १, गिटारात तर्जनी १.

मग एकाच तारेवर सरगम. मोकळी तार सा धरा. रे दुसऱ्या फ्रेटवर, ग चौथ्या, म पाचव्या, प सातव्या, ध नवव्या, नी अकराव्या, वरचा सा बाराव्या. लहान हाताला प पर्यंत पुरे. सारेग, रेगम, गमप असे पलटे तोंडानं म्हणत वाजवायचे. मराठी पोरांच्या कानात सरगम असतेच, तिचा फायदा घ्या की.

दुसऱ्या आठवड्यापासून छोट्या कॉर्ड. पहिल्या तीन तारा मोकळ्या छेडल्या की ई मायनर झाली, एकही बोट नाही. त्याच तीन तारांत दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर १ नंबरचं बोट: सी मेजर. पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ३ नंबरचं बोट ठेवून १ ते ४ नंबरच्या तारा: जी मेजर. पूर्ण सी चे तीन बोटांचे डोंगर नंतर चढू द्या. ६० सेकंदांत सी वरून जी वर किती वेळा स्वच्छ जाता येतं ते वहीत लिहा. २० च्या वर गेलं की पुढचा धडा.

रोज १० मिनिटं, दोनदा. रविवारी तासभर बसवण्यापेक्षा हे फार बरं. बोटांच्या टोकांची कातडी रोजच्या थोड्या घर्षणानं ३-४ आठवड्यांत टणक होते.

रंकाळाकर:
यूट्यूबचा वेग ०.७५ ठेवा, सुरांची पट्टी बदलत नाही. व्हिडिओ आरशासारखा उलटलेला नाही ना तेही बघा. पुढं ऑनलाइन सर लावलेत तर कॉलमधलं नॉइज सप्रेशन बंद करा, नाहीतर ॲप तारेचा लांबलेला सूर गोंगाट समजून कापतं. कॉलवर दोघांनी एकत्र वाजवायचा प्रयत्न नको, आवाज उशिरा पोचतो. आधी सर, मग मूल. मोबाइल तिच्या छातीच्या उंचीवर, थोडा डाव्या अंगाला, ३-४ फुटांवर ठेवा.

मंगळवार पेठेतली आई:
कॅपोनं लगेच फरक पडला, रडणं थांबलं. बाराव्या फ्रेटवर तार किती वर आहे ते मोजलं: जाड तार ४ मिमी.

सहातारी, राजारामपुरी:
कंपासमधल्या पट्टीचा शून्य कडेला नसतो, तेवढं मिळवलंय ना? खरंच ४ असेल तर स्टीलला जास्त आहे. जाड तारेला २.५, बारीकला २ च्या आसपास हवं. ब्रिजवरची सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी) खालून घासली की बाराव्या फ्रेटवर त्याच्या निम्मंच उतरतं. दीड मिमी कमी करायला ३ मिमी घासावं लागेल, आणि तेवढी सॅडल बहुधा वर नसते. आधी मान वाकलीय का बघा: तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबा, सातव्यापाशी व्हिजिटिंग कार्डाएवढीच फट राहिली पाहिजे. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली धातूची सळई) कारागिराकडूनच फिरवून घ्या, एका वेळी पाव फेरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगून तारा आणखी वर येतात, म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

एवढ्या दुरुस्तीपेक्षा मी पाऊण मापाची घेईन. दुकानात प्रत्येक तार पहिल्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक दाबून ऐका, कुठं खरखर आली तर ती नको. मग प्रत्येक तार मोकळी आणि बाराव्यावर वाजवून ट्यूनरवर बघा, दोन्हीकडे सूर एकच आला पाहिजे. मुलीला सोबत न्या.