लिफ्टसमोरचा खोका

सेक्रेटरी: सर्व सभासदांना कळवण्यात येते की तळमजल्यावर लिफ्टसमोर एक मोठा खोका पडून आहे. आत जुनी इंग्रजी कॉमिक्स आहेत. ज्यांचा असेल त्यांनी संध्याकाळपर्यंत उचलावा, नाहीतर कचऱ्यात जाईल.

निखिल बी-३०४: सर माझा आहे!! माळा रिकामा करतोय, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. अर्ध्या तासात नेतो. प्लीज कोणाला हात लावू देऊ नका.

मेघना ए-१०२: हात लावून झाला रे 🙈 वरच 'रॉम' दिसला, राहवलं नाही. आमच्या दादाकडे याचे सात-आठ अंक होते. मला बाहुल्या आणि त्याला हे, यावरून घरात रोजची भांडणं.

निखिल: ताई, त्याच्याकडे कॉमिकच होतं ना? खेळणं नव्हतं?

मेघना: खेळणं पण होतं का याचं? मला आज कळतंय.

निखिल: मुळात खेळणंच होतं, रोबोसारखा बाहुला. १९७९ मध्ये पार्कर ब्रदर्सने काढलं. डोळ्यांत लाल दिवे, आवाज करायचं, पण हातपाय धड हलायचे नाहीत. सपशेल पडलं. त्याच्या जाहिरातीसाठी म्हणून मार्व्हलने कॉमिक सुरू केलं आणि ते १९८६ पर्यंत चाललं. ७५ अंक. खेळणं दुकानातून कधीच गायब झालेलं, कॉमिक आपलं चालूच.

बापटकाका सी-५०१: रॉम म्हणजे ते कॉम्प्युटरमधलं का रे?

निखिल: तेच काका. आणि ज्याने ते खेळणं बनवलं त्याने आधी नाव ठेवलं होतं 'कोबोल', तुमची ती प्रोग्रॅमिंगची भाषा. कंपनीने बदलून रॉम केलं.

बापटकाका: काय सांगतोस! अरे मी उभी नोकरी कोबोलमध्ये काढली. बरं झालं बदललं. डोळे लाल आणि हातपाय हलत नाहीत, सगळे म्हणाले असते हा बापट.

अमोल ए-६०३: 😂😂 काका

अमोल: पण एक सांगू का, राग मानू नका. हे सगळं पोरांच्या आईबापांच्या खिशात हात घालायचं काम होतं. तिकडे अमेरिकेत टीव्हीवर खेळण्याच्या जाहिरातीत कार्टून किती दाखवायचं यावर बंधनं होती. मग १९८२ ला जी. आय. जो हे सैनिकांचे बाहुले आणि त्यांचं कॉमिक आलं तेव्हा बाहुले काढणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीने काय केलं, जाहिरात दाखवली ती कॉमिकची. ती अख्खी कार्टून करता येत होती. कॉमिक हे निमित्त, विकायचे बाहुले.

निखिल: बरोबर आहे दादा, नाकारतच नाही. पण लिहायला बसवला कोणाला, तर लॅरी हामाला. हा माणूस स्वतः व्हिएतनामच्या काळात सैन्यात होता. खेळण्याच्या खोक्यामागे प्रत्येक सैनिकाची माहिती छापायचे, तीसुद्धा तोच लिहायचा. कंपनीला रंगाचा खर्च वाचवायचा होता म्हणून एक बाहुला नुसत्या काळ्या प्लास्टिकचा काढला, वर रंगाचा थेंब नाही. स्नेक आइज. हामाने त्याला मुका केला, चेहरा कायमचा झाकला, आणि तोच सगळ्यांचा लाडका झाला. १९८४ चा २१ वा अंक काढून बघ, अख्ख्या अंकात एक शब्द नाही. संवाद नाही, निवेदन नाही, धाडकन-फिडकन पण नाही. आपलं इंग्रजी यथातथाच होतं तेव्हा, त्यामुळे पूर्ण समजलेला तो पहिला अंक 😄

मेघना: धाडकन-फिडकन 😄

अमोल: आता बोलतोच. माझ्याकडे अटारी कंपनीच्या व्हिडिओ गेमच्या डब्यात आलेलं कॉमिक होतं. काकाने आणलेला सेकंडहँड गेम, आत हे चिटुकलं पुस्तक. 'अटारी फोर्स', १९८२ चं. गेममध्ये काय दिसायचं, तर काळा पडदा, चार चौकोन आणि एक सरकणारा ठिपका. कॉमिकमध्ये तेच अंतराळयान, आत पाच जण, आणि त्यातला इंजिनिअर मोहनदास सिंग! नाव वाचून मी आईला दाखवायला स्वयंपाकघरात पळालो होतो. पुढे गेम खेळताना ठिपका फुटला की वाटायचं, गेला बिचारा मोहनदास.

निखिल: आणि म्हणे खिशात हात घालायचं काम!

अमोल: घातलाच ना हात. गेम काकाच्याच पैशाचा होता.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरता वापरावा.

बापटकाका: खोका सोसायटीच्या पॅसेजमध्ये आहे, म्हणजे सोसायटीचंच काम. निखिल, यातलं मी आधी कुठलं वाचू?

निखिल: काका, ट्रान्सफॉर्मर्सचा २४ वा, जानेवारी १९८७. गाडीचा रोबो होणारी मंडळी. चारच अंकांची मालिका म्हणून १९८४ ला सुरू झाली आणि ८० अंक चालली. शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांनीच छापलं, 'चार अंकांच्या मालिकेतला ८० वा'. तर २४ व्यात ऑप्टिमस प्राइम आणि मेगाट्रॉन समोरासमोर येतात, पण लढाई करायची व्हिडिओ गेममध्ये. हरेल त्याला खरोखर उडवायचं.

बापटकाका: प्राइम म्हणजे चांगला ना?

निखिल: हो, पुढारी. मेगाट्रॉन गेममध्ये लबाडी करतो, तरी प्राइम जिंकतो. पण जिंकताना त्याच्या डावात गेममधलेच काही निरपराध जीव मरतात. पडद्यावरचे, खोटे. मेगाट्रॉन सुटला, कोणाला काही पडलेली नाही. आणि हा म्हणतो, मी माझ्या तत्त्वाला चुकलो, म्हणजे मी हरलो, मला उडवा. तो गेम बनवणारा पोरगा हातापाया पडतो, तरी ऐकत नाही. शेवटी बटण दाबावं लागतं.

मेघना: बाई गं. लहान मुलांच्या खेळण्यात हे?

अमोल: कंपनीला नवे रोबो विकायचे असणार. १९८६ च्या सिनेमातही प्राइमला त्यासाठीच मारला होता.

निखिल: असेल. पण मारायचाच होता तर तोफेने मारता आला असता. कोणीतरी बसून विचार केला ना, की हा माणूस कशाने मरेल.

निखिल: रोबो.

बापटकाका: माणूसच बरोबर आहे.

निखिल: आणि माझ्या अंकाचं शेवटचं पान फाटलेलं आहे. माझ्या दृष्टीने गोष्ट स्फोटावर संपली. त्या पोराने प्राइमचं मन फ्लॉपीवर साठवून ठेवलं होतं आणि पुढे तो परत येतो, हे कितीतरी वर्षांनी कळलं. ते पान मात्र अजून पाहिलेलं नाही.

मेघना: थांब, दादाला फोन करते. ट्रकचा रोबो होणारा लाल-निळा तो ना? त्याच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेले आहेत. वहिनीलाही हात लावू देत नाही.

सेक्रेटरी: खोका वर गेला का?

निखिल: निघालो सर, लिफ्टमध्येच आहे.

मेघना: दादाकडे २४ वा आहे. शेवटच्या पानावर फ्लॉपी आहे म्हणाला. पण अंक घराबाहेर जाणार नाही, फोटो पाठवतो म्हणतोय.

निखिल: फोटो चालेल ताई. फक्त पान पूर्ण येऊ दे म्हणावं, कडांसकट.