कास्टिंगसाठी 20 फुटी की 40 फुटी?

कास्टिंग (साच्यात ओतलेले धातूचे भाग) जहाजानं परदेशी पाठवायला 40 फुटी कंटेनर घेतला तर भाडं वाचेल का, असं एकानं विचारलंय. शिरोलीच्या (कोल्हापूरजवळची एमआयडीसी) कास्टिंगला नाही वाचत. माल जड, निम्मी जागा भरायच्या आतच वजनाची मर्यादा येते. 20 फुटीच घ्या. व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन) काट्यावरचंच द्या, अंदाजे नको. वेळेत गेलं नाही तर न्हावा शेवा बंदरात कंटेनर जहाजावर चढत नाही.

लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-15 चा, म्हणजे कीड मारायला लाकूड तापवल्याचा, शिक्का हवा (लाकडाच्या गाभ्यात 56 अंश सेल्सिअस, 30 मिनिटं). पण शिक्का म्हणजे लाकूड कोरडं असं नाही, इथंच बरेच फसतात. ओल्या पॅलेटची वाफ कंटेनरच्या थंड छताला लागून मालावर ठिबकते. मशीनिंग केलेल्या फेसवर (पृष्ठभागावर) गंजरोधक तेल लावूनच व्हीसीआय पिशवी (गंज रोखणारी वाफ सोडणारी) बंद करा, आणि हातमोजे घालून. घामाच्या बोटांचे ठसेसुद्धा गंजतात.