चौथ्या क्रमांकाची नावं मंडळाच्या फलकावर लिहावीत का?

जुना_मुद्रितशोधक | सोमवार, ९ सप्टेंबर २०२४, सकाळी ७.१०

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण उद्या संध्याकाळपर्यंत निकाल लागायला हवा.

आमच्या गल्लीतल्या मंडळाने यंदा देखाव्याऐवजी पॅरिस ऑलिंपिकचा फलक करायचं ठरवलं. आठ बाय चार फुटी. (वर्गणी कमी जमली हे खरं कारण. पोरं त्याला ‘साधेपणाने उत्सव’ म्हणतात.) मजकूर माझ्या गळ्यात पडला, कारण मी छापखान्यात एकतीस वर्षं प्रूफं वाचली आणि माझ्याकडे ऑलिंपिकची वही आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. गणपती बसून दोन दिवस झाले, फलक अजून कोराच.

वहीची गोष्ट सांगतो. १९८४, लॉस एंजेलिस. ९ ऑगस्टला मी संध्याकाळच्या पाळीला होतो. ४०० मीटर अडथळा शर्यतीचा निकाल गॅलीवर (छपाईआधीच्या कच्च्या प्रतीवर) आला: तिसरी रुमानियाची कोजोकारू ५५.४१, चौथी पी. टी. उषा ५५.४२. मला वाटलं जुळाऱ्याने (अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने) एकच ओळ दोनदा जुळवली आणि दुसऱ्यांदा एक खिळा चुकला. समासात प्रश्नचिन्ह टाकून गॅली परत पाठवली. ती तशीच परत आली, वर उपसंपादकाने लिहिलेलं, ‘बरोबर आहे. दुर्दैवाने.’ त्या रात्री घरी जाताना शंभर पानी वही घेतली.

वहीत डाव्या पानावर पदकं आणि उजव्या पानावर चौथे. मागचंही वाचनालयात बसून भरून काढलं. उजव्या पानावरचं पहिलं नाव १९२० चं आहे, अँटवर्पला कुस्तीत चौथे आलेले रणधीर शिंदे. तो संघ गेला त्याची सुरुवात आपल्या डेक्कन जिमखान्यावर झाली. तिथल्या शर्यतीत अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं पाहून दोराबजी टाटांनी मनावर घेतलं आणि सहा जण बोटीने गेले. फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. पुढे १९५६ चा फुटबॉल संघ, १९६० ला मिल्खा सिंग, उषा, २०१६ ला दीपा कर्माकर (०.१५० गुणांनी), टोकियोत गोल्फमध्ये अदिती अशोक (एका फटक्याने).

पॅरिसची डावी बाजू सगळ्यांना पाठ आहे. नीरज चोप्राचं रौप्य, मनू भाकरची दोन कांस्यं (त्यातलं एक सर्बज्योत सिंगबरोबर), आपला स्वप्नील कुसाळे, हॉकी, अमन सेहरावत. सहा. पण उजव्या पानावरही यंदा सहा नोंदी झाल्या, एका ऑलिंपिकमध्ये इतके चौथे हे पहिल्यांदा घडलं. एअर रायफलमध्ये अर्जुन बबुता, बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन, भारोत्तोलनात मीराबाई चानू, पिस्तुलात पुन्हा मनू, तिरंदाजीत धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत, स्कीटमध्ये (उडत्या चकत्यांवरची नेमबाजी) महेश्वरी चौहान आणि अनंतजीत नरुका.

मी मजकुरात दोन्ही पानं घेतली. कार्यवाह म्हणतो, “काका, हरलेल्यांची नावं गणपतीसमोर नकोत.” तुम्हाला काय वाटतं? भावना नकोत, कारणं सांगा. कार्यवाह कारणांना घाबरतो.

तिरकस | ९ सप्टेंबर, सकाळी ८.०२

पॅरिसला ११७ जण गेले होते, सगळ्यांचीच लावा की. अक्षर बारीक करा, बसतील. चौथा तो चौथा. दहावीला चौथा आलेल्याचा सत्कार करता का तुमच्या मंडळात?

आणि पदकतक्त्यातला ७१ वा क्रमांक पण लिहा ठळक. टोकियोत ४८ वे होतो. एका पदकाने लाज गेली.

जुना_मुद्रितशोधक | ९ सप्टेंबर, सकाळी ८.२०

करतो. मागच्या वर्षी पहिल्या पाचांना वह्या आणि कंपासपेट्या दिल्या.

७१ चं असं आहे, की तक्ता आधी सुवर्ण मोजतो. टोकियोत सात पदकं होती, त्यात नीरजचं एक सुवर्ण. यंदा सहा, सुवर्ण शून्य. पाकिस्तानला अख्ख्या स्पर्धेत एकच पदक, अर्शद नदीमचं, ९२.९७ मीटर. ते सुवर्ण, म्हणून ते ६२ वे. आपण एका पदकाने नाही, नदीमच्या भाल्यापासून साडेतीन मीटरने मागे पडलो. नीरजचा ८९.४५ होता.

नेमबाजाची_आई | ९ सप्टेंबर, दुपारी १.४५

काका, लिहा. मी कारण देते.

माझी मुलगी बालेवाडीला १० मीटर एअर रायफल मारते, चौदा वर्षांची आहे. शनिवार-रविवार मी तिथे डबा घेऊन बसलेली असते, त्यामुळे आता अर्धी नेमबाज मीपण झाले आहे. चार पायऱ्या चढूनही दम लागावा असं ते जाकीट असतं, आणि घरी आल्यावर त्याचा वास... असो.

या प्रकारात एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, टाचणीच्या टोकाएवढा. अर्जुन बबुता वीस गोळ्यांनंतर २०८.४ वर बाहेर पडला. त्याच्या पुढचा २०९.८ वर होता. फरक १.४, म्हणजे गोळीमागे ०.०७. त्याची शेवटची गोळी ९.५ पडली, बाकी त्या दिवशी तो पदकातच खेळत होता. आता सांगा, तिसऱ्याला येतं आणि चौथ्याला येत नाही असं यात काय आहे? ती गोळी पडली तेव्हा माझी मुलगी काहीच बोलली नाही, उठून रायफल पुसायला बसली. वास्तविक ती सकाळीच पुसून झाली होती.

उलट बाजूही बघा. ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात स्वप्नील पात्रतेत ६०० पैकी ५९० करून सातवा होता. आठच जण अंतिम फेरीत जातात. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून मारल्यावर सहावा, झोपून मारल्यावर पाचवा. मग उभं राहून, जे सगळ्यात अवघड, त्यात तिसरा. ४५१.४. पात्रतेतला सातवा माणूस कांस्य घेऊन आला. त्याच प्रकारात आपलाच ऐश्वर्य तोमर ५८९ करून अकरावा राहिला, एका गुणात. तुमचे कार्यवाह पात्रतेनंतर फलक रंगवायला बसले असते, तर स्वप्नीलचं नाव राहिलंच असतं ना?

तो तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि सराव बालेवाडीलाच. मुली त्याला पाणी भरायच्या नळापाशी पाहायच्या, त्या दिवसापर्यंत कोणी फोटोसुद्धा मागितला नव्हता.

खडकीकर | ९ सप्टेंबर, दुपारी ३.३०

कार्यवाहांना एकच नाव सांगा. धनराज पिल्ले. आमच्या खडकीचा. १९९२, ९६, २०००, २००४, चार ऑलिंपिक खेळला. पदक? एकही नाही. आता म्हणा, नाव नको.

यंदाची हॉकी मी पूर्ण पाहिली, रात्रीच्या पाळ्या बदलून घेतल्या. ऑस्ट्रेलियाला ३-२. ऑलिंपिकमध्ये त्यांना हरवून ५२ वर्षं झाली होती! ब्रिटनशी १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड, पुढे दहा जणांत सामना ओढला आणि शूटआउटला गोलरक्षक श्रीजेश. मग स्पेनशी २-१. सलग दोन ऑलिंपिकमध्ये हॉकीचं पदक १९६८ आणि ७२ नंतर आत्ता. हे फलकावर ‘हॉकी : कांस्य’ एवढंच लिहिणार असाल तर तेही चुकीचंच.

तिरकस | ९ सप्टेंबर, दुपारी ३.५२

धनराजचं मान्य. पण मग विनेशला कुठे घालणार काका? ती तर चौथीही नाही.

जुना_मुद्रितशोधक | ९ सप्टेंबर, संध्याकाळी ५.१५

बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

पहिल्याच लढतीत तिने जपानच्या युई सुसाकीला हरवलं, जी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्ती एकदाही हरली नव्हती. त्याच दिवशी आणखी दोन लढती जिंकून विनेश अंतिम फेरीत. रात्री रौप्य तरी नक्की म्हणून मी डाव्या पानावर शाईने लिहिलं. सकाळी ५० किलोच्या वर १०० ग्रॅम. नियम असा, की दुसऱ्या दिवशी वजनात बसलं नाही तर आधीचं सगळं पुसलं जातं, क्रमांक शेवटचा. क्रीडा लवादानेही दाद दिली नाही.

शाईने लिहिलेलं खोडायचं कसं? आम्ही प्रुफात चुकून खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायचो, म्हणजे ‘राहू द्या’. तिच्या नावावर आधी काट मारली, मग खाली टिंबं दिली. वहीत ती तशीच आहे. फलकावर टिंबं कोणाला कळणार?

सिंहगड_रोड | ९ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार. तुमची वही ऐकून छान वाटलं, पण एक विचारू का? पॅरालिंपिक कालच संपली. त्याच पॅरिसमध्ये. २९ पदकं, ७ सुवर्ण, ९ रौप्य, १३ कांस्य, तक्त्यात १८ वे. धाग्यात इतका वेळ कोणी एक शब्द काढला नाही.

मला स्वतःला पोलिओ आहे, त्यामुळे मी हे मोजतो, तुम्ही चौथे मोजता तसं. सचिन खिलारी, आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा. गोळाफेकीत १६.३२ मीटर, रौप्य. सुवर्णवाला १६.३८. सहा सेंटिमीटर. तुमच्या वहीत हे शोभलं असतं की नाही?

आणि मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान, १९७२ ला हायडलबर्गला ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंद, सुवर्ण. अभिनव बिंद्राच्या ऑलिंपिक सुवर्णाच्या ३६ वर्षं आधी. ते पुण्यातच राहतात. डावं पान, उजवं पान, त्यांचं पान कुठलं?

जुना_मुद्रितशोधक | ९ सप्टेंबर, रात्री १०.२५

वही उघडून बसलो आहे. १९७२ ला म्युनिक आहे, हॉकीचं कांस्य आहे. हायडलबर्ग नाही. टोकियोच्या वेळी पॅरालिंपिकची १९ पदकं आली, तेव्हाही मी वर्तमानपत्र वाचून घडी घालून ठेवलं. नोंद केली नाही. का केली नाही, याला माझ्याकडे कारण नाही. कारणं मागत होतो मी.

पेटकरांची वेळ परत एकदा सांगाल? सदतीस पूर्णांक तेहेतीस ना?

सिंहगड_रोड | ९ सप्टेंबर, रात्री १०.३१

हो. ३७.३३. जुळाऱ्याची चूक नाही :)

नेमबाजाची_आई | १० सप्टेंबर, सकाळी ६.५०

अवनी लेखरा राहायला नको, काका. एअर रायफल, टोकियोतही सुवर्ण आणि पॅरिसलाही. आमच्या घरात भिंतीवर तिचा फोटो स्वप्नीलच्या शेजारी आहे.

जुना_मुद्रितशोधक | बुधवार, ११ सप्टेंबर, सकाळी ९.००

कळवायला उशीर झाला. फलक लागला.

आठ बाय चारचा एक होता, त्याचे दोन झाले. दुसऱ्या प्लायचे पैसे कार्यवाहानेच दिले. नेमबाजाची_आई यांचा ५९० चा हिशेब त्याला वाचून दाखवला, तो गप्प बसला, मग म्हणाला, “पण चौथे खाली, लहान अक्षरात.” मी म्हटलं, खाली चालेल, लहान नाही. शेवटी खाली आणि जरा लहान. पॅरालिंपिकचा फलक वेगळा, मोठ्या अक्षरात, सगळ्यात वर पेटकर. धनराजला जागा सापडली नाही, खडकीकर, माफ करा. विनेशचं नाव दोन्हींच्या मधल्या पट्टीवर एकटं आहे, पुढे क्रमांक नाही. काल रात्री निदान दहा जणांनी विचारलं, इथे आकडा राहिला का म्हणून.

अविनाश साबळेही घातला. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये अकरावा, पण त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष, आणि बीडचा. तिरकस, तुमच्या ११७ पैकी तेवढा एक तुमच्या खात्यावर.

आता एक भानगड. स्कीटचं कांस्य आपण चीनकडून ४४-४३ असं हरलो. पेंटरने रात्री दोन वाजता रंगवताना आकडे उलटे केले, भारत ४४, चीन ४३. फलक वर चढवून, माळा सोडून, आरती होईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा. पोरं म्हणतात, राहू द्या काका, दहा दिवस तरी जिंकू द्या त्यांना.

मांडववाल्याची शिडी अकरापर्यंत येणार आहे. पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश पिशवीत घेऊन बसलोय.