मदत हवी आहे : दिवाडी बेटावर (गोवा) जुनं घर घ्यायचं म्हणतोय

नमस्कार मंडळी,

आम्ही कोथरूडचे. नवऱ्याने यावर्षी नोकरी सोडली, माझं काम घरून चालतं, मुलगा बंगळूरला आणि तिथेच रमलाय. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, वय ७९, गुडघे सोडले तर ठणठणीत. ‘पुण्यात आता राहवत नाही’ हे वाक्य आमच्याकडे संध्याकाळी कर्वे रोडवरून जो कोणी घरी येतो तो म्हणतोच, पण ह्यावेळी प्रकरण बोलण्याच्या पुढे गेलंय आणि एक घर खरंच बघून झालंय.

घर गोव्यात, पण बीचवाला गोवा नाही. दिवाडी बेट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुन्या गोव्यात ती मोठी चर्चेस आहेत ना, तिथून व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली गेलं की मांडवीचा धक्का लागतो, तिथे फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे उतरलं की दिवाडी. बेटाला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि डिचोलीच्या बाजूने नार्वे, ह्या तीन धक्क्यांवरून जे काही येणंजाणं होईल तेवढंच. पुण्याहून बेळगाव, चोर्ला घाट, साखळी, डिचोली असं आलं तर नार्व्याच्या फेरीने पणजीच्या ट्रॅफिकमध्ये न शिरताच बेटावर पोचता येतं, आणि हे नवऱ्याला इतकं आवडलंय की कागद बघायच्या आधी त्याने रस्ता ठरवून टाकलाय. वर सासूबाईंना सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ ह्याच बेटावर होतं, पोर्तुगीजांनी पाडलं, मग देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. हे त्यांना कळल्यापासून घरात दोन मतं विरुद्ध एक अशी परिस्थिती आहे. एक म्हणजे मी.

मला घर आवडलं नाही असं नाही हं. पियेदादच्या टेकडीच्या उतारावर आहे, चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे बाल्काव, म्हणजे दोन्ही बाजूंना बसायची बाकं (सोपे) असलेली ओसरी, आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले. दुपारी खोलीत जो उजेड येतो तो बघून मी पण पाच मिनिटं गप्प होते. मग मागच्या खोलीत गेलो. तिथे भिंतीवरून वर वाशापर्यंत वाळवीच्या मातीच्या नळ्या, नवऱ्याने गाडीची किल्ली वाशाला टोचून पाहिली तर अर्धी आत गेली. एजंट म्हणाला ट्रीटमेंट करून घेऊ, होतं सगळं.

हे ‘होतं सगळं’ त्याच्याकडून प्रत्येक प्रश्नाला आलंय म्हणून इथे लिहितेय.

पहिलं म्हणजे कागद. आपल्याकडे सातबारा तसा तिथे एक-चौदाचा उतारा, तो मागितला तर त्यावर अजून आजोबांचं नाव. आजोबा केव्हाच गेले. वारस पाच, त्यातले दोघं गोव्यात, एक मुंबईत, एक लिस्बनला, एक कॅनडात. एजंटचं म्हणणं मुंबईच्या भावाकडे सगळ्यांची पॉवर ऑफ ॲटर्नी आहे, तो एकटा सही करेल. हे चालतं का? इथल्या आमच्या ओळखीच्या वकिलांनी हात वर केले, म्हणाले गोव्याचं वारसाचं प्रकरण वेगळं आहे, तिकडचाच माणूस धरा.

दुसरं, आवाराच्या कोपऱ्यात एक छोटं घर आहे आणि त्यात एक आजी राहतात. चुलीवर भात चढवला होता, आम्हाला बसा म्हणाल्या. एजंट नंतर गाडीत म्हणाला ती पूर्वी कामाला होती, व्यवहार झाला की जाईल. मला ते ऐकून कसंतरीच झालं, आणि कायद्याने तरी ती ‘जाईल’ का हे कोणी सांगेल का.

तिसरं, घरामागे उतार संपतो तिथे भातशेती, ती पण ह्याच किमतीत देतायत. नवऱ्याच्या नावावर सासवडकडे थोडी जमीन आहे त्यामुळे आपण शेतकरीच, काही अडचण नाही असं तो म्हणतोय.

आणि चौथं, जे खरं तर माझं पहिलं आहे, ते म्हणजे रोजचं राहणं. रात्री सासूबाईंना काही झालं तर? फेरी थांबल्यावर काय करतात लोक? पावसाळ्यात लाईट किती जाते, नेट कसं आहे (माझ्या दिवसभर मीटिंग असतात), भाजी-दूध-औषधं बेटावर मिळतात का दर वेळी बोट? किंमत लिहीत नाही, पण कोथरूडचा फ्लॅट विकला तरच जमण्यातली आहे. म्हणजे परतीचे दोर कापून जायचं. पाहुणे म्हणून चार दिवस सगळंच छान वाटतं, तिथे वर्षभर राहिलेल्या किंवा तिथल्याच लोकांनी कृपया स्पष्ट लिहा, रागावणार नाही.

– पेठेतून_कोथरूडला

---

मानशीकडचा : मी तिसवाडीतलाच (दिवाडी ह्याच तालुक्यात येतं), मराठीत चुकभूल देणे घेणे. ताई, एजंटला आधी विचारा की वारसदार पाच की दहा. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची समाईक धरतात, त्यामुळे विकताना जोडीदाराची सही लागतेच. पाच भावंडं असतील तर पाच जोडीदार पण धरा, आणि कोणी वारलं असेल तर त्याची मुलं आणि त्या मुलांचे जोडीदार. आमच्या वाड्यावर एक व्यवहार फक्त एका सुनेची सही नाही म्हणून वर्षानुवर्षं तसाच पडलाय, घराचं छप्पर पण गेलं तेवढ्यात.

दोन वेगळे कागद असतात. सक्सेशन डीड, त्यात वारस कोण हे ठरतं. आणि इन्व्हेंटरी, ती कोर्टात, त्यात कुणाच्या वाट्याला काय हे ठरतं. इन्व्हेंटरी झालेली असेल आणि हे घर एकाच्या वाट्याला आलं असेल तर सोनं. तुमच्या उताऱ्यावर अजून आजोबाच म्हणजे बहुतेक काहीच झालेलं नाही. ते काम विकणाऱ्यांनी त्यांच्या पैशाने, त्यांच्या वेळेत करावं, टोकन त्याच्यानंतर.

आता त्या आजीबद्दल. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणाऱ्याला आमच्याकडे मुंडकार म्हणतात, आणि १९७५ चा मुंडकार कायदा त्यांना काढू देत नाही. उलट ते घर आणि भोवतालची जागा, पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घ्यायचा हक्क त्यांना आहे, मामलेदाराकडे अर्ज करून. मालक बदलला म्हणून तो हक्क जात नाही. नुसती पगारी नोकर म्हणून दिलेल्या खोलीत राहत असेल तर गोष्ट वेगळी, पण ते मामलेदार ठरवतो, एजंट नाही. तिची नोंद आहे का ते मामलेदार कार्यालयात बघा. आणि व्यवहाराच्या आधी तिच्याशी नीट बोला, शेजार तिचाच असणार आहे.

सदाशिवाय_नमः : पुण्यात सोसायटीच्या मीटिंगला जायचा कंटाळा म्हणून बेटावर जाणाऱ्यांना ग्रामसभा काय असते ते कळलं की परत येतील. पुण्याचा फ्लॅट विकू नका एवढंच.

पेठेतून_कोथरूडला : @मानशीकडचा, खूप आभार, मुंडकार हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. @सदाशिवाय, हो हो, तुमचा फ्लॅट आमच्याच सोसायटीत आहे का :)

आकडेमोड : सीए आहे (पुणे), घराचं मानशीकडच्यांनी सांगितलंय, मी पैशाचं सांगतो. विकणारा निवासी भारतीय असेल तर ५० लाख आणि वरच्या व्यवहाराला खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण लिस्बन आणि कॅनडावाल्यांच्या हिश्शाला हे लागू नाही. अनिवासी विक्रेता असेल तर ५० लाखांची मर्यादाच नाही आणि दरही बराच जास्त, आणि कमी कापलात तर आयकर खातं तुमच्या मागे येतं, त्यांच्या नाही. ते लोक आधी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणू शकतात, आणायला लावा. सगळे पैसे मुंबईच्या भावाच्या खात्यात टाका असं एजंट म्हणणारच, अजिबात टाकू नका, ज्याचा हिस्सा त्याच्या खात्यात.

आणि परदेशात केलेली पॉवर ऑफ ॲटर्नी नुसती सही-शिक्क्याची चालत नाही, तिथल्या भारतीय वकिलातीतून किंवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारचं प्रमाणीकरण) होऊन आलेली पाहिजे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत तिच्यावर मुद्रांक लागलेला पाहिजे. मूळ प्रत हातात घेऊन बघा, व्हॉट्सॲपवरचा फोटो नको. त्यात ‘विकण्याचा’ अधिकार स्पष्ट लिहिलाय का तेही. बऱ्याचदा फक्त देखभाल आणि घरपट्टीपुरती असते.

चोडणला_राहिलेली : आम्ही औंधचे, शेजारच्या चोडण बेटावर भाड्याने राहिलो, दोन पावसाळे काढले. तिथे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटी आहे, सकाळी उठल्यावर धुक्यात बोटीचा भोंगा, सगळं फोटोसारखं. आता रोजचं ऐका.

दिवस फेरीच्या हिशोबाने बांधला जातो. पायी माणसाला काही नाही, चढला की गेला, पण चारचाकी असेल तर रांग. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या असतात तेव्हा दळण आणायला गेलेला माणूस दोन बोटी सोडून तिसऱ्या बोटीत घरी येतो. चोडण-रायबंदर मार्गावर जुलै २०२५ पासून मोठी रो-रो फेरी आलीय त्यामुळे तिकडे बरंच हलकं झालं असं ऐकते, दिवाडीला तुम्ही जुन्या बोटींचाच हिशोब धरा. गाडी अलीकडे धक्क्यावर ठेवून स्कूटरने बेटावर, असं पुष्कळ जण करतात. आजींना स्कूटर जमेल का ते बघा, आणि पावसात फळीवरून बोटीत चढताना पाय घसरतो, गुडघे म्हणालात म्हणून मुद्दाम लिहिते.

आजारपणाचं म्हणाल तर मोठं हॉस्पिटल म्हणजे बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज), म्हणजे बोट आणि पुढे रस्ता. रात्रीचं काय करायचं ते शेजारी सांगतात, आणि ते शेजारी तुमचे व्हायला वेळ लागतो. आमच्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात धक्क्यावरच्या माणसाशी ओळख करून दिली होती, ते आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

घराचं : कौलं दर वर्षी पावसाआधी चाळून घ्यायची, फुटकी बदलायची, आणि तो माणूस मे महिन्यात मिळत नाही कारण सगळ्यांना तो मे मध्येच हवा असतो. मार्चमध्ये सांगून ठेवा. आत बुरशी, कपाटातले कपडे, पुस्तकं, सगळ्याला. इन्व्हर्टरशिवाय तुमच्या मीटिंगा होणार नाहीत.

आणि एक. तिथे बाहेरच्यांनी घेऊन कुलूप लावलेली घरं भरपूर आहेत आणि लोकांना त्याचा राग आहे, तो मला तरी योग्य वाटला. तुम्ही खरंच राहायला जाणार असाल तर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीचा बोंदेरा हा उत्सव असतो त्याला जा, पण गर्दी ओसरल्यावर थांबून लोकांशी बोला.

मानशीकडचा : शेतीचं राहिलं होतं. २०२३ ला गोव्यात कायदा आलाय, भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. सासवडच्या सातबाऱ्यावर विसंबून त्या जमिनीचे पैसे मोजू नका, दस्तातून शेत वेगळं काढायला सांगा आणि किंमत तेवढी खाली आणा. दिवाडीवर खालची बरीचशी शेतं खाजनं आहेत, म्हणजे बांध घालून आणि मानशीच्या दारांनी खारं पाणी अडवून केलेली. तिथे सीआरझेडमुळे (किनारपट्टीच्या बांधकामाचे नियम) बांधकाम होत नाही. बांध फुटला तर खारं पाणी आत येतं, आणि बांध बघणं हे एकट्या मालकाचं काम नाही, सगळ्या गावाचं आहे.

घर टेकडीवर आहे म्हणून सीआरझेड नसेलच असं धरू नका. गोव्याचा २०११ च्या अधिसूचनेवरचा किनारी नकाशा २०२२ मध्ये मंजूर झालाय, त्यावर सर्व्हे नंबर टाकून बघा. नगरनियोजन खात्याकडून झोनिंग सर्टिफिकेट घ्या, रीजनल प्लॅन २०२१ मध्ये तो तुकडा सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीच्या भागात, आहे की नाही ते त्यात कळतं. घर १९९१ च्या आधीचं असल्याचा पुरावा, म्हणजे जुनी घरपट्टी वगैरे, मागून ठेवा. दुरुस्तीची परवानगी घ्यायला जाल तेव्हा लागेल.

पेठेतून_कोथरूडला : सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला. शेतीच्या मुद्द्यावर तो जरा वेळ गप्प होता, मग म्हणाला शेत सोडू, घर घेऊ. तूर्तास एवढं ठरलंय की टोकन द्यायचं नाही. एजंटला आज कळवलं की इन्व्हेंटरी करून आणा, आजींच्या घराची मामलेदाराकडे काय नोंद आहे ते द्या, मग बोलू. त्याचं उत्तर, ‘मॅडम, दिल्लीची पार्टी तयार आहे.’ असू दे.

आणि जून ते सप्टेंबर दिवाडीवर भाड्याने राहून बघायचं, फ्लॅटला हात न लावता. सासूबाई पण येणार. तर आता नवीन प्रश्न : पियेदाद किंवा माळार भागात चार महिन्यांसाठी तळमजल्यावरचं, पायऱ्या कमी असलेलं आणि कमोड आतच असलेलं घर कुणाला माहीत आहे का? होमस्टेचे दर नको, राहणाऱ्यांना देतात तसं हवंय. माहिती असेल तर विपुत (माझ्या विचारपुशीत) लिहा प्लीज. आणि @चोडणला_राहिलेली, तो इन्व्हर्टर किती बॅटरीचा घेतला होता?

चोडणला_राहिलेली : दोन बॅटरीचा. राउटर वेगळ्या छोट्या बॅकअपवर ठेवा. घराचं विचारून सांगते, आमच्या घरमालकीणबाईंची बहीण माळारला असते.